मोठे इंजेक्टर बसवल्यानंतर ईसीयूचे रीट्यूनिंग

टर्बो पेट्रोल गाडीला मोठे इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) बसवल्यावर जुन्या मॅपवर (इंधन किती सोडायचे हे ठरवणाऱ्या तक्त्यावर) ती जोरात पळवू नये. प्रथम ईसीयूमध्ये (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकात) इंजेक्टरचा प्रवाहदर आणि व्होल्टेजनुसार बदलणारा डेड टाइम (इशारा मिळाल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंतचा विलंब) उत्पादकाच्या तक्त्यावरून भरावा. तो चुकला, तर ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत एसी आणि रेडिएटरचा पंखा एकदम सुरू होऊन व्होल्टेज उतरताच आयडलिंग डळमळू लागते. इथे घाई करूच नये. मग इंजिन पूर्ण तापल्यावर फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनाच्या प्रमाणात स्वतःहून करत असलेली दुरुस्ती) शून्याच्या जवळ आणावा. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) मिळत असल्याने शुद्ध पेट्रोलचे १४.७ हे हवा-इंधन गुणोत्तर न धरता लॅम्डावरच (प्रत्यक्ष हवा-इंधन गुणोत्तर भागिले त्या इंधनाचे आदर्श गुणोत्तर) भिस्त ठेवावी. बूस्टची (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाची) चाचणी रस्त्यावर नव्हे, डायनोवरच (गाडी जागेवरच चालवून तिची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), लॅम्डा मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून आणि कमी बूस्टपासून करावी. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा ०.८ च्या आसपास ठेवून, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिनात बसणारे ठोके) जाणवताच अ‍ॅक्सिलरेटर सोडावा.