तेरा माणसं, एक गाडी आणि गणपतीचं गाव

गणपतीला ठाण्या-कल्याणहून तेरा जण एकाच गाडीने कोकणात निघालात, तर कणकवलीकडचं गाव साधारण साडेचारशे किलोमीटर. पावसात, घाटातून, भरलेल्या गाडीला तासाला 45 किलोमीटरचा वेग मिळाला तरी चांगला म्हणायचा. म्हणजे दहा तास निव्वळ चाक फिरणार. पण तेरा माणसांच्या गाडीचा वेळ थांब्यांतही बराच जातो, आणि नेमका तोच हिशोब कुणी करत नाही.

हॉटेलात बायकांसाठी दोन संडास असतात असं धरा. गाडीत बायका-मुलं मिळून आठ. प्रत्येकी चार मिनिटं म्हटली तरी सोळा मिनिटं झाली. त्यात आजीला उतरवणं, कुणाची तरी चप्पल सीटखालून काढणं, पुन्हा डोकी मोजणं यात आणखी दहा. पाच मिनिटांचा थांबा असा प्रकारच नसतो. म्हणून चारच थांबे ठरवा : चहा अर्धा तास, नाश्ता चाळीस मिनिटं, जेवण एक तास, दुपारचा चहा अर्धा तास. एकूण दोन तास चाळीस मिनिटं. पहाटे 4 ला निघालात तर संध्याकाळी पाचच्या आत-बाहेर अंगणात. गावाकडचा शेवटचा अरुंद रस्ता उजेडात पार झाला पाहिजे, हा निकष धरून वेळ उलटी मोजत या.

रात्री 10 ला निघायचा मोह टाळा. दिवसभर नोकरी करून स्टिअरिंगवर बसलेल्याला पहाटे 3 ते 5 च्या दरम्यान हमखास डुलकी लागते, आणि नेमका तेव्हाच घाट येतो.

गाडी भाड्याची असेल तर तेरा माणसांना तेरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर घेऊ नका, सतरा सीटची घ्या. सामान कुठे ठेवणार? नंबर प्लेट पिवळी हवी; पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने फिरवणं बेकायदा आहे, अपघात झाला तर विम्याची पंचाईत होते. दर ठरवताना चार गोष्टी लिहून घ्या : दिवसाला किमान किती किलोमीटर धरणार (बहुधा 300, गाडी गावात नुसती उभी असली तरी ते लागू होतात), मोजणी गॅरेज ते गॅरेज की घर ते घर, चालकाचा भत्ता, आणि टोल-पार्किंग कुणाकडे. चालकाच्या झोपण्याची सोय करायला गावच्या घरच्यांना आधी कळवा. तोच परतीला गाडी चालवणार आहे.

स्वतःची सीएनजी गाडी असेल तर पेट्रोलची टाकीही भरून निघा. चढाला भरलेली गाडी सीएनजीवर दमते, आणि सणात पंपावरच्या रांगेत तास जातो. टायरची हवा निघण्याआधी, टायर थंड असताना भरा. चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठीचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो पाहा. स्टेपनीतही हवा बघा. ती सगळ्यांच्या सामानाखाली जाण्याआधी.

रस्ता. पनवेल, वडखळ, माणगाव, महाड, कशेडीचा बोगदा, चिपळूण, हातखंबा, राजापूर हा नेहमीचा. माणगावच्या आसपास तुंबला की तुंबला. चिपळूणपर्यंतच जायचं असेल तर उंब्रज-पाटणमार्गे कुंभार्ली घाट, रत्नागिरीला आंबा घाट, कणकवलीला कोल्हापूर-राधानगरीवरून फोंडा घाट असे पर्याय आहेत. कोल्हापूरवरून कणकवलीला चाळीस-पन्नास किलोमीटर जास्त पडतात, पण गर्दीच्या दिवशी तेच परवडतं. दरड कोसळून घाट बंद पडतात, म्हणून आदल्या संध्याकाळी गावाकडच्या माणसाला फोन करून विचारा. गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या गाड्यांना सरकार टोलमाफीचा पास देतं. तो आरटीओत किंवा वाहतूक पोलिसांकडे मिळतो. त्यावर गाडीचा नंबर असतो आणि तो परतीलाही चालतो, तेव्हा जपून ठेवा.

घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर राहा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. जळका वास आला तर बाजूला घेऊन वीस मिनिटं थांबा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. पावसात चारही इंडिकेटर लावून चालवणारे स्वतःला शहाणे समजतात. मागच्याला तुम्ही कुठे वळणार ते मात्र कळत नाही. तेरा जणांच्या श्वासाने काच आतून धुरकटते. एसी चालू, हवा बाहेरून आत येण्यावर ठेवा, मिनिटभरात साफ होते. काच फडक्याने पुसत बसण्यात अर्थ नाही.

बसायची जागा घरीच ठरवा, नाहीतर निघताना पंधरा मिनिटं त्यातच जातात. ज्यांना गाडी लागते ते पुढे. शेवटची रांग मागच्या चाकांच्याही मागे असते, सर्वांत जास्त उडते. तिथे कंबरदुखीवाले किंवा गरोदर बाई नको, धडधाकट पोरं बसवा. गुडघे दुखणाऱ्यांना डावीकडे दाराजवळ. मळमळीची गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते. उलटी झाल्यावर घेऊन उपयोग नाही. लहान मुलांना ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आलेपाक आणि तोंड बांधता येणाऱ्या आठ-दहा प्लास्टिक पिशव्या हाताशी ठेवा.

डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कोरडी बटाट्याची भाजी; नारळाचं वाटण असलेलं काही नको, दुपारपर्यंत आंबतं.

गणपती इथूनच नेत असाल तर मांडीवर धरू नका. शाडूची मूर्ती जड आणि ठिसूळ. अचानक ब्रेक लागला की आधी हात आणि कान जातात. घडी केलेल्या रजईवर, लाकडी खोक्यात ठेवा, चारही बाजूंनी वर्तमानपत्राचे बोळे घट्ट कोंबा आणि वर प्लास्टिक टाका. शाडूला पाणी लागलं की रंग सुटतो, म्हणून कॅरिअरवर कधीच नाही. कॅरिअरवरच्या बॅगा आधी एकेक प्लास्टिकमध्ये बांधा, मग ताडपत्री घाला. नुसती ताडपत्री महाडपर्यंत फडफडून फाटते. टॉवेल, औषधं, मुलांचे एकेक कपडे असलेली पिशवी सर्वांत शेवटी, दाराशी.

वाटेत मावशी असतेच. ‘उभ्याउभ्या येऊन जातो’ असं फोनवर सांगितलंत तर ती तेरा जणांचा भात टाकते आणि तुमचे दोन तास जातात. त्यापेक्षा तिचं घर चारपैकी एक थांबा करा, आणि स्पष्ट सांगा : ‘मावशी, साडेतीनला येतो, फक्त चहा, चारला निघणार. येताना जेवायला राहू.’ माणसं किती तेही सांगा. पोचलात की पानावर बसण्याआधी चालकाला गाडी निघायच्या दिशेने वळवून ठेवू द्या.

परतीसाठी चौथाई जागा रिकामी सोडा. नारळ, तांदूळ, आमसुलं, काकडी, वर भोपळा. नाही म्हणायची सोय नसते. नारळाचं पोतं तळाशी, सीटच्या पाठीला टेकवून आणि दोरीने बांधून ठेवा. सुटलेला नारळ घसरत पुढे चालकाच्या पायाशी आला तर ब्रेकखाली अडकतो.