केमोनंतरच्या निरोगी पेशींत दुर्मीळ उत्परिवर्तन शोधताना

सांगली-मिरज किंवा कराडला बायोटेक करून या कामात येणारे बरेच जण आधी सॉफ्टवेअर उघडतात. आधी कागद घ्या, हिशेब मांडा. मानवी जीनोमची एक प्रत सुमारे ३.३ पिकोग्रॅमची, म्हणजे १० नॅनोग्रॅम डीएनएत जेमतेम ३,००० प्रती. दहा हजार प्रतींत एकीत असणारा बदल, म्हणजे उत्परिवर्तन, त्या ट्यूबमध्ये बहुधा नसतोच. मग डीएनएची अक्षरं वाचणारं सिक्वेन्सिंग मशीन कितीही वेळा वाचू दे. असा बदल ९५ टक्के खात्रीने सापडायला सरासरी तीन प्रती हव्यात, म्हणजे १०० नॅनोग्रॅम. लायब्ररी (मशीनला वाचता येतील असे डीएनएचे तुकडे) करताना बरेच रेणू वाया जातात, म्हणून प्रत्यक्षात त्याहून खूप जास्त.

रक्त ईडीटीएच्या, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्येच घ्या. दुसऱ्या ट्यूबमधलं हेपारिन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया, अडवतं. मिरजेहून पुण्याला पाठवायचं तर थंड ठेवा, पण गोठवू नका. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या ऊतींच्या ब्लॉकवर या कामात भिस्त ठेवू नये. त्यात डीएनएच्या 'सी' अक्षराचे खोटे 'टी' दिसतात.

साधं सिक्वेन्सिंग हजार अक्षरांमागे एखादी चूक करतं, त्या गोंगाटात आपला बदल बुडतो. २०१२ मध्ये आलेलं डुप्लेक्स सिक्वेन्सिंग दोन्ही धाग्यांना खूण लावतं आणि दोन्हींवर जुळलेलाच बदल मानतं, कारण रासायनिक इजा सहसा एकाच धाग्याला होते. नेमकी फसगत टोकांशी होते. सोनिकेशनने, म्हणजे ध्वनिलहरींनी डीएनए तोडताना, टोकं फाटतात, ती भरताना एन्झाइम इजा झालेलं अक्षर समोरच्या धाग्यावर उतरवतं आणि खोटा बदल दोन्हीकडे दिसतो. म्हणून रीडच्या (मशीनने वाचलेल्या तुकड्याच्या) टोकांकडची अक्षरं छाटायची. २०२१ च्या नॅनोसेक या सुधारित डुप्लेक्स पद्धतीत तुकडे ठरावीक जागी कापणाऱ्या रेस्ट्रिक्शन एन्झाइमने सरळ कापतात. तिथे चुका अब्ज अक्षरांत पाचांहून कमी.

लायब्ररी किती रेणूंची बनली हे क्यूपीसीआरने (प्रती मोजणाऱ्या पीसीआरने) मोजून मगच किती रीड घ्यायचे ते ठरवा. रेणू फार असले तर प्रत्येकाचा एकच रीड येतो, दोन धाग्यांची जोडी जुळत नाही. फार कमी असले तर त्याच त्या प्रती वाचण्यात पैसे जातात.

बदलांची यादी आली की ते ज्ञात एसएनपींच्या (माणसामाणसांत मुळातच फरक असणाऱ्या अक्षरांच्या) जागी गोळा झालेत का, ते आधी पाहा. तसं असेल तर शेजारच्या नमुन्याचा डीएनए मिसळलाय.

सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने केलेले बदल प्रत्येक पेशीत वेगळ्या जागी असतात. तिथे एक जागा धरून बसू नका, अक्षरांमागे किती बदल ते मोजा आणि एसबीएस३१, एसबीएस३५ या प्लॅटिनम औषधांच्या बदलांच्या ठशांशी ताडून पाहा. रक्तपेशींत पीपीएम१डी किंवा टीपी५३ या जनुकांतल्या बदलाचं गणित वेगळं. तो बदल उपचाराआधीच काही पेशींत असू शकतो आणि केमोत त्याच पेशी तगून वाढतात. उपचारापूर्वीचा नमुना नसेल तर औषधाने बदल घडवला की आधीचाच वाढवला, हे सांगता येत नाही. तो नमुना पहिल्या केमोच्या आधी मागून ठेवा.