एक ओढा, दोन पावसाळे: सीमाभागात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या बऱ्याच तरुणांची सुरुवात सारखीच होते. परीक्षा हुकलेली असते, पुण्याची नाहीतर गोव्याची नोकरी सुटलेली असते, आणि गावी येऊन बघावं तर लहानपणी डुंबलेल्या ओढ्यावर साबणाचा फेस. काहीतरी केलं पाहिजे असं वाटतं आणि माणूस थेट म्हादई नदीच्या पाणीवाटपावर बोलायला लागतो. प्रश्न मोठाच आहे. 14 ऑगस्ट 2018 च्या निवाड्यात म्हादई जलविवाद लवादाने कर्नाटकाच्या वाट्याला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यातलं 3.9 टीएमसी कळसा-भांडुरा नाल्यांतून मलप्रभा नदीत वळवण्यासाठी. पण तो वाद तीन राज्यांचा आणि सुप्रीम कोर्टाचा. नवख्याने तिथून सुरुवात केली तर वर्षाअखेर हाती चार भाषणं आणि हताशपणा उरतो. पहिली दोन वर्षं असं काही निवडा, जिथं सायकलने दहा मिनिटांत पोचता येतं आणि बदल झाला तर डोळ्यांना दिसतो: एखादी सार्वजनिक विहीर, एखादं तळं, नाहीतर ओढ्याचा अर्धा किलोमीटर.

पहिले तीन महिने फावड्याला हात लावू नका, वही करा. दर रविवारी त्याच वेळी, त्याच जागेवरून एक फोटो. विहीर असेल तर पाण्यावरच्या किती पायऱ्या उघड्या आहेत ते मोजा. वास, रंग, कुठून काय येऊन मिळतं, सगळं तारखेसह. कंटाळवाणं काम आहे, आणि म्हणूनच निम्मे लोक इथंच गळतात. पुढे अधिकाऱ्यासमोर उभं राहताना हीच वही कामी येते. उमेद टिकवायलाही तीच लागते, कारण उघड्या पायऱ्या चौदाच्या नऊ झाल्या हे आठवणीत राहत नाही, कागदावर राहतं.

याच काळात जागा कुणाची ते शोधा. सर्व्हे नंबर काढा, आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबाराच म्हणा) आणि गाव नकाशा मिळवा. कन्नड नोंदीत ओढ्याला ‘हळ्ळ’, तळ्याला ‘केरे’, विहिरीला ‘बावी’ आणि गायरानाला ‘गोमाळ’ असतं. एवढे चार शब्द ओळखता आले तरी अर्धा नकाशा वाचता येतो. तळं एका खात्याचं, बांध पंचायतीचा आणि पाणी येण्याची वाट कुणाच्या तरी खाजगी शेतातून, असा प्रकार सर्रास असतो. न विचारता त्या शेतातला गाळ उपसला, तर तक्रार तुमच्यावरच होते.

पाणी तपासायला महागडी यंत्रं लागत नाहीत. बऱ्याच ग्रामपंचायतींकडे तपासणीची पेटी असते. ती कपाटात बंद असेल तर पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे मागा. प्रयोगशाळेत नमुना द्यायचा तर बाटली तिथूनच निर्जंतुक करून घ्या, पाण्याखाली वीतभर बुडवून भरा, बर्फाच्या डब्यातून न्या आणि 24 तासांच्या आत पोचवा. उशीर झाला तर जंतूंचा आकडा निरर्थक ठरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नको, आणि 100 मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म एकही नको. विरघळलेले क्षार 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगले. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात.

आता श्रमदान. तळ्याचा 30 मीटर लांब, 20 मीटर रुंद तुकडा अर्धा मीटर खोल उपसायचा म्हणजे 300 घनमीटर गाळ, शंभराहून अधिक ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). ट्रॉलीत साधारण ब्रासभर बसतो. वीस जणांनी रविवारी तीन तास घाम गाळला तर चार ट्रॉल्या भरतात. म्हणजे गाळ हे जेसीबीचं आणि पंचायतीच्या निधीचं काम. श्रमदानाला प्लॅस्टिक, निर्माल्य, जलपर्णी, झुडपं ठेवा. गाळ शेतकऱ्यांना नेऊ द्या, पण तळाशी चिकणमातीचा थर लागला की तिथंच थांबा. तो फोडला तर पुढच्या मार्चमध्ये तळं कोरडं पडतं आणि खापर तुमच्यावर फुटतं.

ओढा खालून वर साफ करत जायचा. वरून सुरुवात केली की सुटलेला कचरा खालच्या मोरीत जाऊन अडतो आणि पहिल्याच पावसात पाणी भातात शिरतं. बळ्ळारी नाल्याकाठच्या येळ्ळूर-वडगावच्या शेतकऱ्यांना हे सांगावं लागत नाही. जलपर्णी फुलण्याआधी काढा, कारण बी गाळात कित्येक वर्षं जिवंत राहतं. ती काठावरच टाकली तर पाणी वाढलं की परत आत. सांडपाण्यात वाढलेली जनावरांना घालू नका.

जुन्या बंद विहिरीत कुणालाही उतरू देऊ नका. तळाशी विषारी वायू साचलेला असतो किंवा प्राणवायूच नसतो, आणि कंदील सोडून बघण्याची जुनी रीत सगळे वायू ओळखत नाही. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून उपसा करणं तर जिवावरचं. धूर आतच कोंडतो. आत पडलेल्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. पंप वरच ठेवा. उतरणं टळतच नसेल तर ते अग्निशमन दलाचं काम.

कागदोपत्री मात्र सीमाभागाची खरी गाठ आहे. माहिती अधिकाराचा अर्ज कायद्याप्रमाणे इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो, म्हणजे इथं कन्नडमध्ये. कर्नाटकाच्या नियमात एका अर्जात एकच विषय, आणि तोही साधारण 150 शब्दांत. शुल्क 10 रुपये, उत्तर 30 दिवसांत. आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत दुसरं. ‘तळ्याचं काय झालं?’ असं विचारलं की ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं. मंजुरी आदेश, कंत्राटदाराची बिलं आणि मोजमाप पुस्तक म्हणजे एम.बी. यांच्या प्रती मागा. किती घनमीटर गाळ उपसल्याचं बिल निघालं ते एम.बी.त सापडतं, तुमच्या वहीतले फोटो त्याशेजारी ठेवा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, कन्नडमध्ये ‘स्वीकृती’ म्हणा.

मराठीतून कागदपत्रं मिळावीत हा वेगळा लढा आहे, आणि तो रास्त आहे. पण ओढ्याचा अर्ज त्यात अडकवू नका. विषय भाषेवर घसरला की टेबलापलीकडचा माणूस सुस्कारा सोडतो, कारण आता त्याला सांडपाण्याबद्दल उत्तर द्यायचं नसतं. निवेदनावर कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याची सही पहिल्या पाचांत असू द्या. त्याच्याही भातात तेच पाणी जातं.

पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं नाव सगळे घेतात. आपल्यासाठी तो चेन्नईच्या खंडपीठात. भरपाई मागायची नसेल तर शुल्क 1000 रुपये, पण वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते. त्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगावातल्या कार्यालयात लेखी तक्रार हवी.

संस्था नोंदवायची घाई नको. त्याला किमान सात सभासद आणि दरवर्षीचा हिशेब लागतो. पहिल्या वर्षी गल्लीचं युवक मंडळ पुरे. जमाखर्च महिन्याला देवळाच्या फळ्यावर लावा. मंडळ बहुधा पैशांच्या कुजबुजीने फुटतं, मतभेदाने क्वचितच. आणि पोटापाण्याची सोय वेगळी ठेवा. या कामातून पगार निघत नाही.

झाडांचा विषय शेवटी, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. खड्डे मे महिन्यात, दोन फूट लांब-रुंद-खोल, शेणखतासह. 5 जूनचा, पर्यावरण दिनाचा मुहूर्त धरू नका. जमीन खोलवर भिजल्यावर लावा. ओढ्याकाठी करंज, जांभूळ, उंबर. धो-धो पावसाच्या कणकुंबीकडे बुंध्याशी मातीचा उंचवटा करा, नाहीतर मुळं कुजतात. कोरड्या अथणी-रायबागकडे उलट, खोलगट आळं. शंभर रोपांना दर खेपेला दहा लिटर, आठवड्यातून दोनदा, म्हणजे आठवड्याला 2000 लिटर, फेब्रुवारी ते मे. टँकरचे पैसे कोण देणार हे रोपं आणण्याआधी ठरवा. ठरत नसेल तर पंचवीसच लावा: पाच जण, पाच-पाच घागरी, बुधवारी आणि रविवारी.