पेज आमचं, ताबा दुसऱ्याकडे

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं दुकान. फेसबुक पेज भाच्याच्या मित्राने काढलेलं, तो पुण्याला गेला आणि आम्हाला फोन नंबरसुद्धा बदलता येईना. दादा म्हणाले, "नवं काढ." पण गिऱ्हाइकांचे जुने अभिप्राय कसे सोडायचे?

महिनाभर त्या पोराकडे पासवर्ड मागत बसलो, तो देईना. बरोबरच होतं, पासवर्ड त्याच्या खासगी खात्याचा! तो लागतच नाही. त्याने सेटिंगमधल्या 'पेज अ‍ॅक्सेस'मध्ये माझं खातं जोडलं, पूर्ण नियंत्रणाचं बटण चालू केलं (हे विसरलं की अधिकार अर्धवटच), मी आमंत्रण स्वीकारलं. वहिनींनाही तसंच जोडलं, माझा फोन हरवला तर? दोघांनी आपापल्या खात्याला टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं कुलूप) लावलं. मगच त्याचं नाव काढलं, त्याला सांगून. दिवाळीला अर्धा किलो हळद पाठवली.