कोडेक्स मेंडोझाचे पान कसे वाचावे

1541 च्या सुमारास मेक्सिकोत नाहुआ (अ‍ॅझ्टेक ज्यांत मोडतात ते स्थानिक लोक) चित्रकारांनी रंगवलेले हे हस्तलिखित आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. आधी चित्रे वाचा, स्पॅनिश मजकूर नंतर. तो लिहिणाऱ्याला स्पेनला जाणारी जहाजे सुटण्यापूर्वी दहाच दिवस मिळाले होते आणि घाईतल्या चुकांची कबुली त्याने शेवटी स्वतःच दिली आहे.

अ‍ॅझ्टेक राजांच्या इतिहासाच्या भागात निळ्या चौकटी म्हणजे वर्षे. ससा, बोरू, गारगोटी, घर ही चार चिन्हे क्रमाने फिरतात, सोबत 1 ते 13 ठिपके. चार गुणिले तेरा, म्हणून 52 वर्षांनी तेच नाव परत येते. ‘1 बोरू’ म्हणजे 1519, पण 1467 सुद्धा! नवशिके इथेच फसतात. म्हणून शेजारी कोणता राजा बसला आहे ते पाहूनच साल ठरवा. डोक्यामागे रेघेने जोडलेले चिन्ह हे त्याचे नाव. छप्पर कलंडलेले जळते मंदिर म्हणजे जिंकलेले गाव.

खंडणीच्या पानांवर वस्तू मोजू नका, वस्तूला जोडलेले चिन्ह मोजा: निशाण 20, पिसासारखी खूण 400, थैली 8000. एकाच वस्त्रावर पिसाची खूण असली की ती चारशे वस्त्रे.