जिनिव्हात भारताच्या पाटीमागे बसायच्या आधी

यंदाच्या एमयूएनमध्ये (विद्यार्थ्यांच्या अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषदेत) विषय सीटीबीटी, म्हणजे अणुचाचण्यांवर सर्वंकष बंदी घालणारा करार; वर्ष १९९६, जिनिव्हाची निःशस्त्रीकरण परिषद. ज्यांना भारताची पाटी मिळाली आहे त्यांच्यासाठी हे.

कोट, पेन, ओळखपत्र यावर बोलत नाही.

सगळ्यात आधी कराराचं कलम १४ वाचा. प्रस्तावना नंतर, भाषण तर त्याहून नंतर. करार लागू कधी होणार, ते या कलमात आहे: जोडपत्र २ मधल्या ४४ देशांपैकी प्रत्येकाची सही आणि अनुमोदन हवं, एक जरी सुटला तरी सगळं अडलं. परिषदेच्या कामात भाग घेणारे आणि अणुभट्ट्या असणारे देश त्या यादीत घेतले. तारापूर, तुर्भे असताना आपण सुटतो कसले! गेल्या वेळी आमची भाषणं तोंडपाठ होती, कलम १४ कुणी उघडलंच नव्हतं. ब्रिटनच्या मुलीने सरळ विचारलं, "सही करायची नाही तर नका करू, इतरांना का अडवता?" आम्ही गप्प. उत्तर त्याच कलमात होतं: भारत बाहेर राहिला तर करार लागूच होत नाही, म्हणजे नाही म्हणणाऱ्या देशावर दबाव आणायची सोय करारातच करून ठेवलेली. तेव्हा कलम १४ छापून घ्या. मोबाईलवर नको, कागदावर.

मग परिषदेतल्या भारताच्या तेव्हाच्या राजदूत अरुंधती घोष यांचं २० जूनचं निवेदन, पूर्ण. त्यातलं एखादं वाक्य उचलून टाळ्या घेऊ नका. भारताचे आक्षेप नीट मांडा: अण्वस्त्रं संपवायची मुदत कुठेच नाही, आणि बड्या अण्वस्त्रधारी देशांना प्रयोगशाळेत शस्त्रं सुधारायची वाट मोकळी. नेहरूंनी १९५४ मध्येच चाचण्या थांबवा म्हटलं होतं, ते हाताशी असू द्या. आपण १९९६ मध्ये बसलोय, पोखरण १९९८ चं नाव काढलंत तर अध्यक्ष झापतील, आणि बरोबरच करतील.

परिषद एकमताने चालते, आपला एक नकार पुरतो. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलियाने मसुदा उचलून थेट संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला आणि १० सप्टेंबरला १५८ विरुद्ध ३ ने मंजूर करून घेतला. आपल्या बाजूला भूतान आणि लिबिया. हे माहीत असलं तर लॉबिंग कुठे करायचं ते कळेल.

कलम १४ वाचलंत का?

पुढचं थोडक्यात. दुरुस्त्या लेखी द्या. जेवणाच्या सुट्टीत पाकिस्तानशी वाद घालू नका, इजिप्तशी बोला. मतदानानंतरचं स्पष्टीकरण तीन ओळींत. पत्रकार परिषदेला खणखणीत आवाजाचा माणूस पाठवा, बाकीच्यांनी चहा प्या.