पल्मनरी एम्बोलिझम: कॅज्युअल्टीतल्या या चुका टाळा

पल्मनरी एम्बोलिझम म्हणजे बहुधा पायातून सुटलेली रक्ताची गुठळी फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकणं. पेशंटला धाप आहे, छाती साफ आहे, एक्स-रे चांगला आहे; म्हणून ‘टेन्शन असेल’ असं लिहून त्याला घरी पाठवू नका. आधी दोन्ही पोटऱ्या उघड्या करा. गुडघ्याखाली नडगीचा उंचवटा लागतो, तिथून १० सेंमी खाली टेप लावा. दोन्हीकडच्या मापात ३ सेंमीहून जास्त फरक असेल तर पायात गुठळी असू शकते. सॅच्युरेशन ९७ आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. ईसीजीत एस१क्यू३टी३ (उजव्या हृदयावरच्या ताणाचा पुस्तकी नमुना) शोधत बसू नका. अनेकांत नुसती पल्स वाढलेली दिसते.

दम लागलेल्या प्रत्येकाचं डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात येणाऱ्या तुकड्यांची तपासणी) पाठवणं, ही तर अंगवळणी पडलेली चूक. ऑपरेशन, गरोदरपण, इन्फेक्शन, कॅन्सर, कशानेही ते वाढतं. संशय कमी असेल तेव्हा गुठळी नाही असं म्हणायला ते उपयोगी. आधी वेल्स स्कोअर (लक्षणं आणि धोके मोजून गुठळीची शक्यता सांगणारे गुण) काढा. ४ च्या वर गेला तर डी-डायमरमध्ये वेळ न घालवता थेट सीटी अँजिओ (फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी). पन्नाशीपुढे डी-डायमरची मर्यादा वय गुणिले १०, म्हणजे सत्तरीत ७०० नॅनोग्रॅम/मिली. रिपोर्टवरचं युनिट वाचा: हा हिशेब एफईयूचा (फायब्रिनोजेन इक्विव्हॅलंट युनिट) आहे, डीडीयूत (डी-डायमर युनिट) आकडा साधारण निम्मा येतो.

सर्वांत जीवघेणी चूक सलाईनची. घोट्याचा लिगामेंट फाटून बारा दिवस प्लास्टरच्या स्लॅबमध्ये असलेला पेशंट बाथरूमला जाताना कोसळतो. बीपी ८४/६०, पल्स १२४, मानेच्या शिरा फुगलेल्या. कुणीतरी एक बाटली जोरात सोडतं, मग दुसरी, आणि बीपी ७० वर येतं. हृदयाचा उजवा व्हेंट्रिकल (खालचा कप्पा) आधीच ताणलेला असतो; आणखी पाणी गेलं की तो मधला पडदा डावीकडे ढकलतो, डावी बाजू भरत नाही, बीपी आणखी पडतं. द्यायचंच तर जास्तीत जास्त ५०० मिली, तेही इकोत आयव्हीसी (हृदयाकडे येणारी पोटातली मोठी शीर) बारीक दिसली तर. नॉरअ‍ॅड्रेनलिन (बीपी वाढवणारं औषध) लवकर सुरू करा. त्याआधी घाईने श्वासाची नळी टाकू नका, तिथेच हृदय थांबतं. बीपी ९० खालीच राहिलं आणि रक्तस्रावाचा धोका नसेल, तर गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज १०० मिग्रॅ, २ तासांत.

पण बीपी चांगलं असताना ‘गुठळी विरघळवून मोकळे होऊ’ हा उतावीळपणा नको. २०१४ च्या पेइथो अभ्यासात अशा स्थिर पेशंटना टेनेक्टेप्लेज (तसंच गुठळी विरघळवणारं औषध) दिल्यावर मेंदूत रक्तस्राव २ टक्क्यांना झाला, प्लासिबो गटात ०.२ टक्के. हेपरिन (रक्त पातळ करणारं इंजेक्शन) द्या आणि लक्ष ठेवा.

संशय दाट असेल तर सीटीची वाट पाहत हेपरिन अडवू नका. एनॉक्सापॅरिन (हेपरिनचाच प्रकार) १ मिग्रॅ/किलो, दर १२ तासांनी. वजन अंदाजाने लिहू नका, काट्यावर घ्या. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीची गाळण्याची क्षमता) ३० खाली असेल तर दिवसातून एकदाच.

डिस्चार्ज कार्डावर पहिल्याच दिवसापासून ‘रिव्हारोक्साबॅन २० एकदा’ (रक्त पातळ करणारी गोळी) लिहिलेलं वारंवार दिसतं; ते चूक. पहिले २१ दिवस १५ मिग्रॅ दोनदा, मग २० एकदा, जेवणासोबतच. किमान तीन महिने. ‘बरं वाटतंय’ म्हणून गोळी सोडायची नाही, हे पेशंटइतकंच घरच्यांनाही सांगा, आणि डोस बदलायची तारीख कार्डावर लिहून द्या.